फ्राप्पातो : सिसिलीची एक ‘हलकी’ मार्द्वीक आणि आपला लघु-गुरु विचार

‘वैद्यराज, गडद रेड वाईन जड पडते हे मान्य, पण हलकी, ताजी रेड वाईन घेतली तर चालेल ना?’ असा प्रश्न अलीकडे रुग्णांकडून वारंवार विचारला जातो. युरोपात स्थायिक झालेले आमचे काही रुग्ण तर दूरध्वनीवरून वाईनचे नावच सांगतात आणि तिचे गुणधर्म विचारतात. महाराष्ट्रात मोठ्या दुकानांतून वाईनविक्रीस मुभा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा झालेल्या वादात ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य घरोघरी पोहोचले. औषधालयाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या आमच्या बंधूंनाही ‘द्राक्षासव म्हणजे आपली आयुर्वेदिक वाईनच की’ हा शेरा नवा नाही. ‘हलकी’ हा शब्द रुग्ण ज्या अर्थाने वापरतो आणि ‘लघु’ हा शब्द आपण ज्या अर्थाने शिकलो, त्या दोहोंत अंतर किती, हे ठरवायचे तर सामान्य चर्चेपेक्षा एखादे प्रत्यक्ष द्रव्य समोर ठेवलेले बरे. त्यासाठी आम्ही भूमध्य सागराच्या मध्यावरील सिसिली बेटातले फ्राप्पातो नावाचे द्राक्ष आणि त्याची वाईन निवडली आहे. हलक्या, ताज्या रेड वाईनचे ते एक उत्तम उदाहरण मानले जाते.

देश आणि वाण

सिसिलीच्या आग्नेय भागात, रागूसा प्रांतात, व्हित्तोरिया नावाचे गाव आहे. इब्लेई डोंगराच्या चुनखडी पठाराचा उतार जेथे समुद्राकडे मोकळा होतो, तेथे हे गाव १६०७ साली व्हित्तोरिया कोलोन्ना या सरदार घराण्यातील विधवा स्त्रीने वसविले व तिचेच नाव त्याला मिळाले. तिचे वडील मार्कांतोनियो कोलोन्ना हे १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईतील एक सेनानी आणि पुढे सिसिलीचे राजप्रतिनिधी. वसाहतीस येणाऱ्या शेतकऱ्यांना तिने जमीन दिली आणि त्याबदल्यात द्राक्षवेल लावण्याची अट घातली, असे तेथे सांगितले जाते. एवढे खरे, की गाव आणि द्राक्षबागा यांची वाढ तेथे बरोबरीने झाली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील बागा फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने उजाड होऊ लागल्या, तेव्हा येथील वाईन स्कोलित्ती या जवळच्या बंदरातून जहाजांनी बाहेर जाऊ लागली. पुढे तीच कीड सिसिलीतही पोहोचली आणि बागा बसल्या. आज या परिसरात द्राक्षवेलींच्या जोडीने, किंबहुना त्यांच्याहून अधिक ठळकपणे, दिसतात ती टोमॅटो-भाजीपाल्याची प्लास्टिकने आच्छादलेली हरितगृहे.

जमीन तांबूस वाळूची, खाली चुनखडीचा थर. उन्हाळा दीर्घ आणि कोरडा, रात्री समुद्रावरून आणि डोंगरावरून येणारा गारवा. जांगल देशाची आपली लक्षणे अशा ठिकाणी बरीचशी जुळतात. जुन्या पद्धतीत वेल मांडवावर न चढवता बुटक्या झुडपासारखी जमिनीलगत ठेवीत. आता तारांवर चढविलेल्या बागाही आहेत. आपल्या नाशिक-सांगलीच्या मांडवाची सवय असलेल्या डोळ्याला ते झुडूप एरंडाच्या रोपासारखे खुजे वाटेल.

फ्राप्पातो या वाणाची साल काळसर निळी दिसते, तरी तिच्यातून उतरणारा रंग बेताचाच असतो. सालीतील व बियांतील कषाय द्रव्ये, ज्यांना टॅनिन म्हणतात, तीही थोडी. आंबटपणा मात्र टिकून राहतो. गंधाला स्ट्रॉबेरी, चेरी, गुलाब आणि किंचित रानवनस्पतींची उपमा देतात. डीएनए तपासणीतून मध्य इटलीतील प्रसिद्ध सान्जोव्हेसे वाणाशी याचे जनक-संततीचे नाते असल्याचे आढळले आहे. म्हणजे दिसायला स्थानिक असलेले हे द्राक्ष इटलीच्या मोठ्या घराण्यातले आहे.

या वाणाची अधिक परिचित ओळख मिश्रणातली. ‘चेरासुओलो दी व्हित्तोरिया’ या वाईनमध्ये नेरो दाव्होला नावाचे गडद, भरदार द्राक्ष ५० ते ७० टक्के आणि फ्राप्पातो ३० ते ५० टक्के घेतात. सिसिलीच्या बोलीत चेरीला ‘चेरासा’ म्हणतात. रंगावरून वाईनला हे नाव पडले. या वाईनला उगमस्थानाचे नियंत्रित मानांकन १९७३ मध्ये मिळाले आणि २००५ मध्ये तिला इटलीतील सर्वोच्च श्रेणी देण्यात आली. त्या श्रेणीतील सिसिलीची ही एकमेव वाईन आहे. या मिश्रणात नेरो दाव्होला बळ आणि रंग देते, तर फ्राप्पातो गंध आणि सुकरता देते. आमच्या मते आपल्या योगांत त्रिजात जे काम करते, त्याच्याशी याची तुलना करता येईल, फरक इतकाच की येथे ‘त्रिजात’ स्वतःच निम्म्याच्या जवळ पोहोचलेले असते.

संधान

औषधशाळा चालविणाऱ्या वाचकांना येथून पुढचा भाग अधिक उपयोगी वाटेल. फ्राप्पातोची वाईन करताना द्राक्षे चिरडून रस, साल व बिया एकत्र आंबवितात. बाहेरून पाणी घालत नाहीत, क्वाथ करीत नाहीत, मद्यार्कासाठी लागणारी साखर फळातलीच असते. किण्व काही ठिकाणी विकत आणलेले असते, काही ठिकाणी सालीवरचे आणि तळघरातले नैसर्गिकच वापरतात. रसात लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर असली की त्यापासून एक टक्का मद्यार्क तयार होतो, या हिशेबाने १३ टक्क्यांच्या वाईनला लिटरमागे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असलेला रस लागतो. सालीसोबतचा काळ बेताचा ठेवतात, आणि गंध उडू नये म्हणून बहुतेक जण लाकडी पिंपांऐवजी पोलादी किंवा काँक्रीटच्या टाक्या पसंत करतात.

काहींनी मात्र मातीकडे परत जाणे पसंत केले. १९८० मध्ये तीन तरुण मित्रांनी व्हित्तोरियात ‘कॉस’ नावाची वाईनशाळा सुरू केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ते नाव आले. या शाळेत नेरो दाव्होला आणि फ्राप्पातो यांचे मिश्रण मातीच्या मोठ्या रांजणांत आंबविले जाते. रांजण तळघरात गळ्यापर्यंत पुरलेले असतात, त्यामुळे उष्णता फार वरखाली होत नाही. त्या वाईनचे नावच ‘पिथोस’, म्हणजे ग्रीक भाषेत रांजण. तिघांपैकी जुस्तो ओक्किपिंती यांची पुतणी आरियाना ओक्किपिंती हिने २००४ च्या सुमारास स्वतंत्र काम सुरू केले आणि केवळ फ्राप्पातोची वाईन जगापुढे नेण्यात तिचा वाटा मोठा आहे. घृतलिप्त, धूपित मृण्मय पात्रात संधान भरून ते धान्यराशीत किंवा भूमीत ठेवण्याची आपली रीत ज्यांनी पाठ केली आहे, त्यांना या रांजणांचे नवल वाटणार नाही. नवल आहे ते याचे, की जगात जिथे ही रीत मोडली होती तिथे ती परत येते आहे, आणि जिथे ती ग्रंथात शाबूत आहे तिथे आपण बहुतेक सर्वांनी निळी पिंपे आणली आहेत. व्यवहाराच्या अडचणी आम्हालाही ठाऊक आहेत, म्हणून या विषयावर अधिक लिहीत नाही.

आता ‘द्राक्षारिष्ट म्हणजे आयुर्वेदिक वाईन’ या शेऱ्याकडे वळू. शार्ङ्गधर संहितेतील द्राक्षारिष्टाचा पाठ पाहावा. द्राक्षा अर्धी तुला, जल दोन द्रोण, चतुर्थांश राहीपर्यंत क्वाथ, थंड झाल्यावर गूळ दोन तुला, आणि त्वक्, एला, तमालपत्र, नागकेशर, प्रियंगु, मरिच, पिप्पली, विडंग प्रत्येकी एक पल. म्हणजे द्राक्षांच्या चौपट गूळ. मनुकांत साखर कितीही धरली तरी किण्वाला मिळणाऱ्या एकूण साखरेपैकी पाचातले चार भाग गुळाचेच ठरतात. द्राक्षारिष्टातला मद्यार्क मुख्यतः गुळापासून होतो. द्राक्षा तेथे औषध म्हणून आहे. शिवाय क्वाथ केल्याने सालीवरचे किण्व मरते, ते बाहेरून यावे लागते. मूळ पाठात धायटीच्या फुलांचा उल्लेख नाही, तरी बहुतेक औषधशाळा ती घालतात, त्याचे एक कारण हेच. फ्राप्पातोची वाईन रचनेने द्राक्षारिष्टाच्या जवळची नसून संहितेतील मार्द्वीक मद्याच्या जवळची आहे. शार्ङ्गधराच्या परिभाषेत बोलायचे तर अपक्व मधुर द्रवापासून होणारा शीतरस सीधु हे तिचे दुसरे आप्त. ग्राहकाला हा फरक दोन वाक्यांत सांगता येतो, आणि तो सांगावा.

‘हलकी’ म्हणजे नेमके काय

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसाव्या अध्यायात मार्द्वीकाचे वर्णन आहे. ते मधुर, रूक्ष, कषाय अनुरसाचे, लघु, लघुपाकी, सर. शोष व विषमज्वरात उपयुक्त. आणि अविदाही व मधुरान्वयी असल्याने रक्तपित्तातही ज्ञात्यांनी त्याचा निषेध केलेला नाही. हे वर्णन वाचून अनेकांना वाटते, की हलक्या लाल वाईनला शास्त्राचा दाखला मिळाला. तसे मानण्यापूर्वी त्याच अध्यायात मार्द्वीकाच्या वर्णनाआधी आलेली मद्याची सामान्य लक्षणे वाचावीत. मद्य मात्र पित्तकर, अम्ल, विदाही, उष्ण, तीक्ष्ण आहे. मार्द्वीकाची सूट आहे ती या चौकटीतली, इतर मद्यांच्या तुलनेतली.

दुसरी गोष्ट लघु या गुणाची. चरकाने चिकित्सास्थानातील मदात्ययाच्या अध्यायात मद्याचे दहा गुण सांगितले आहेत आणि ते ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध मांडले आहेत. त्या दहांत पहिलाच गुण लघु आहे, आणि तो ओजाच्या गुरु गुणावर आघात करतो. लंघनात, ज्वरात, मुद्गयूषात लघु हा शब्द ऐकून आपल्याला जे आश्वासन वाटते, ते मद्याच्या बाबतीत वाटून घेण्याचे कारण नाही. येथे लघुत्व हे मद्याच्या शीघ्र पसरण्याचे आणि ओजाला हलविण्याचे साधन आहे.

तिसरी गोष्ट ताजेपणाची, आणि आमच्या मते या सर्व विषयात सर्वांत रोचक तीच आहे. फ्राप्पातो ताजी पितात. द्राक्षे काढल्यानंतर साधारण वर्षभरातच तिच्या बाटल्या बाजारात येतात आणि दोन-चार वर्षांत ती संपवावी असा प्रघात आहे. किंचित थंड करून दिली की तिचा गंध खुलतो असे म्हणतात. आता चरक आणि सुश्रुत दोघेही नव मद्य गुरु व दोषप्रकोपक मानतात, आणि जीर्ण मद्य लघु, दीपन, स्रोतसांना मोकळे करणारे मानतात. म्हणजे दुकानातील फळीवर ‘हलकी व ताजी’ असे ज्या बाटलीचे वर्णन होते, तीच बाटली आपल्या ग्रंथदृष्टीने नव म्हणून गुरु ठरते. न्याय्य राहायचे तर एक पुस्ती जोडली पाहिजे. संहिताकारांसमोरचे नव मद्य बहुधा गढूळ, अजून फसफसणारे, दुर्गंधी असावे. सुश्रुताने त्याच्या वासाचाही दोष सांगितला आहे. आजची गाळलेली, संधान पूर्ण झालेली वाईन तशी नसते. तेव्हा नव-जीर्णाचा नियम जसाच्या तसा लावावा असे आमचे म्हणणे नाही. पण ‘ताजी म्हणून सौम्य’ हा रुग्णाचा तर्क मात्र ग्रंथाला मान्य होणारा नाही, एवढे निश्चित.

मग वाईनच्या व्यापारात ‘हलकी’ म्हणतात ती कशाने? रंगाने, कषायत्वाने आणि तोंडात जाणवणाऱ्या दाटपणाने. यांपैकी रंग आणि कषायत्व यांचा मद्यार्काशी थेट संबंध नाही. फ्राप्पातोत मद्यार्क साधारण १२ ते १३ टक्के असतो. गडद, जड म्हणविणाऱ्या कित्येक वाईनपेक्षा तो एखाद-दुसरा टक्का कमी, यापलीकडे फरक नाही. उलट कषायता कमी असल्याने ती घशाखाली सहज उतरते आणि दुसरा पेला कधी भरला ते कळत नाही. कषाय रस मुखाला आवळतो, थांबवतो. तो नसला की पिणाऱ्याला थांबवणारे रसनेपाशी काही उरत नाही. आम्हाला या वाईनचा खरा धोका तिच्या याच गुणात दिसतो.

पेल्याचा हिशेब

आपल्या वैद्यबंधूंनी हा आकडा पाठ करून ठेवावा. १५० मि.लि.चा एक पेला, मद्यार्क १३ टक्के, म्हणजे १९.५ मि.लि. मद्यार्क, वजनाने सुमारे १५ ग्रॅम. ७५० मि.लि.ची बाटली म्हणजे सुमारे ७७ ग्रॅम. आता द्राक्षारिष्टाची २० मि.लि. मात्रा घ्या, त्यातील स्वयंजात मद्यार्क ८ टक्के धरा. तो होतो सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि तोही समभाग पाणी घालून, भोजनोत्तर. हलक्या वाईनचा एक पेला हा द्राक्षारिष्टाच्या बारा मात्रांएवढा आहे. ‘तुम्हीही दारूच देता’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला आम्ही हा हिशेब कागदावर करून दाखवितो. मात्रेचा विचार सोडला तर औषध आणि मद्य यांतली रेषा पुसली जाते, आणि ती पुसण्याचे काम बाटलीवर ‘टॉनिक’ छापून आपल्याच व्यवसायातील काही मंडळी करतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पाणी मिसळण्यावरून आठवले. व्हित्तोरियाजवळच्या किनाऱ्यावर प्राचीन काळी कामारीना नावाचे ग्रीक वसाहतीचे नगर होते, आणि ग्रीक लोक वाईन पाणी मिसळूनच पीत. न मिसळता पिणे त्यांच्या लेखी रानटीपणाचे होते. हलकी वाईन म्हणून खरे तर त्या मिश्रणाला म्हणावे.

हृदयाला वाईन हितकर, या समजुतीचे मूळही पाहू. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘फ्रेंच विरोधाभास’ मांडला गेला, आणि १९९२ मध्ये सर्ज रेनो व मिशेल द लोर्जरील यांचा त्याविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. फ्रान्समध्ये स्निग्ध आहार भरपूर असूनही हृद्रोग कमी, त्याचे एक कारण वाईन असावे, असा तो तर्क. पुढे सालीतील रेस्वेराट्रॉल या द्रव्याचा गवगवा झाला. वाईनमध्ये ते लिटरमागे मोजक्या मिलिग्रॅमएवढेच असते, तर माणसांवरील प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅमच्या मात्रा वापरल्या गेल्या. सालीतून कमी अर्क घेणाऱ्या हलक्या वाईनकडून तर त्याची अपेक्षा करणे अधिकच व्यर्थ. दुसऱ्या बाजूला, मद्ययुक्त पेयांना कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच घातले आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. युनेस्कोने २०१० मध्ये ज्या भूमध्य आहारपद्धतीला सांस्कृतिक वारशाचा मान दिला, तिच्यात वाईन आहे. पण ती ऑलिव्ह तेल, डाळी, भाज्या, मासे आणि सर्वांनी एकत्र बसून सावकाश केलेल्या भोजनाच्या कडेला आहे. त्या ताटातली बाकी सर्व द्रव्ये वगळून पेला तेवढा उचलणे ही एकौषधी दृष्टी आहे, आणि ती आपल्या शास्त्राची नव्हे.

रुग्णाला काय सांगावे

जो पीत नाही, त्याला हृदयासाठी, झोपेसाठी किंवा अग्निदीपनासाठी वाईन सुरू करण्यास आम्ही कधीही सांगत नाही; त्या प्रत्येक कामासाठी आपल्याकडे अधिक चांगली द्रव्ये आहेत. जो पीतच आहे आणि अधूनमधून एखादा पेला घेणार आहे, त्याच्याशी चरकाच्या क्रमाने बोलावे. मद्य देताना अन्न, पान, वय, व्याधी, बल आणि काल या सहांचा विचार चरकाने आवश्यक मानला आहे, आणि वातप्रधान प्रकृतीला गुळाचे व पिठाचे, तर कफपित्तप्रधान व्यक्तीला मार्द्वीक व मधुजन्य मद्य त्यातल्या त्यात बरे असे सांगितले आहे. म्हणजे हलकी लाल वाईन ‘सर्वांना चालते’ हे म्हणणे त्याच्याही मताशी विसंगत आहे. कृश, अल्पनिद्र, वातप्रकृतीच्या वृद्धाला, जो बहुधा ‘हलकी आहे म्हणून’ तिच्याकडे वळतो, रूक्ष गुणाची ही वाईन अनुकूल नाही.

यकृद्विकार, अम्लपित्त, गर्भिणी, स्तन्यदा, अपस्मार, पूर्वीचे मद्यव्यसन, यांत चर्चेला जागा ठेवू नये. मेदस्वी रुग्णांत अनेकदा यकृतात मेदसंचय झालेला असतो आणि तो स्वतःला मद्यपी समजत नसतो. अशा रुग्णाला ‘आठवड्यातून किती पेले’ असे न विचारता ‘किती बाटल्या किती दिवसांत संपतात’ असे विचारावे, उत्तर अधिक खरे मिळते. औषधालयाच्या बंधूंनी मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, मेट्रोनिडॅझोल, झोपेची औषधे किंवा रक्त पातळ करणारी औषधे नेणाऱ्या ग्राहकाला मद्याविषयी एकदा तरी विचारावे. आणि अशाच ग्राहकाला आसव-अरिष्ट देताना चिठ्ठीवरील मद्यार्काचे प्रमाण बोट ठेवून दाखवावे. क्वाथ किंवा वटी स्वरूपात पर्याय उपलब्ध असल्यास तो आधी पुढे करावा.